कारखानीसची वर्गणी

आमच्या घाटकोपरच्या चाळीत वर्गणी मागायला पुष्कळ लोक येत, पण देणाऱ्यालाच चप्पल हुंगायला लावणारा एकच. मोरेश्वर कारखानीस. माझ्या शेजारच्या खोलीत राहणारा, रेशनिंगच्या कचेरीतला कारकून. चाळिशी आली तरी बिनलग्नाचा.

शहरातल्या एका हॉस्पिटलात एक डॉक्टर फेफऱ्यावर संशोधन करत होते. फेफरं येतं कशाने, टळेल कसं, औषध कोणतं. त्यासाठी मेंदूतली वीज कागदावर उमटवणारं यंत्र विलायतेहून मागवायचं होतं. त्या यंत्रापायी कारखानीस दर रविवारी सकाळी पावतीपुस्तक काखेला मारून निघायचा.

"फेफऱ्याला कसलं आलंय संशोधन?" तळमजल्यावरचे जोशी एकदा म्हणाले. "चप्पल हुंगवली की माणूस उठून बसतो!"

कारखानीसने वाकून जोशींचीच चप्पल उचलली आणि त्यांच्या नाकाशी धरली. "हुंगा. आली अक्कल? नाही ना? म्हणजे मेंदूवर हिचा उपयोग नाही, सिद्ध झालं. पावती कोणाच्या नावाने करू?"

जोशींनी वर्गणी दिली. विज्ञानासाठी नव्हे, नाकासाठी.

बारशाला गेला तर पाळण्यात डोकावून म्हणे, "झकास मेंदू आहे. काढू पावती?" त्याचा दुसरा हुकमी प्रश्न होता, "घरचा फ्यूज उडाला तर तुम्ही बल्बला कांदा हुंगवता का?" कोपऱ्यावरचा वाणी शांतपणे म्हणाला, "बल्बला नाक कुठे हाय?" कारखानीस दोन दिवस कोणाशी बोलला नाही.

एका रविवारी आम्ही दोघं मासळीबाजारात गेलो. मला पापलेट हवं होतं, त्याला वर्गणी. जनाबाई कोळणीशी मी घासाघीस करत होतो. तिची अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी चंद्रा बाजूला मासळीवर बर्फ टाकत होती. ती एकदम ताठ झाली आणि पाट्यांमध्ये कोसळली. हातपाय झटके देऊ लागले.

"माजी पोर! माजी पोर!" जनाबाई ओरडली. माणसं धावली. "चप्पल आणा रे, चप्पल!" एकाने काढलीसुद्धा.

मला वाटलं, आता भाषण. पण कारखानीस गर्दीतून पुढे घुसला. कोयता लांब सरकवला, अंगातला कोट काढून तिच्या डोक्याखाली घातला, आणि झटके ओसरल्यावर तिला हळूच कुशीवर वळवलं. चिखलात मांडी घालून तो तिच्याजवळ बसून राहिला.

थोड्या वेळाने चंद्राने डोळे उघडले. भोवतीची गर्दी दिसली तशी तिने पदर तोंडावर ओढला.

"सगल्यांनी बगितला?"

जनाबाई तर रडायलाच लागली. पोरीचं लग्न पुढच्या महिन्यात होतं.

कारखानीस अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बघू दे. मला पण येतं. लहानपणापासून येतं. तरी नोकरी करतो, जेवतो, लोकांचं डोकं खातो. तुला काय झालंय?"

चंद्राने पदर थोडा खाली घेऊन त्याच्याकडे पाहिलं.

नऊ वर्षं आम्ही भिंतीला भिंत लावून राहत होतो. त्याच्या घोरण्यातले चढउतार मला पाठ होते, आणि हे माहीत नव्हतं. परत येताना मी पापलेट विसरलो, त्याने एकही पावती फाडली नव्हती.

पुढच्या रविवारी तो निघाला नाही. मी त्याच्या खोलीत गेलो. तो नुसताच खाटेवर बसला होता.

"काय रे, आज सुट्टी?"

"कसला जातो! इतके दिवस लोकांसाठी मागत होतो. आता म्हणतील, स्वतःसाठीच मागतोय." कोपऱ्यातल्या पावतीपुस्तकाकडे पाहत तो म्हणाला, "आणि ते खरंच आहे रे. पहिल्यापासून खरंच होतं."

मी पावतीपुस्तक उचललं. "ऊठ. मागायचं मी बघतो. तू नुसता शेजारी उभा राहा."

"तुला धड बोलता येणार नाही."

"नाही येणार."

तरी उठला. जिना उतरताना त्याने माझा दंड धरला, तो खाली पोचल्यावरही सोडला नाही.