नवाकोरा वडिलोपार्जित पट

घानातल्या कुमासीजवळच्या आमच्या गावात ओवारे या खेळाचे पट पिढ्यान्‌पिढ्या कोरले जातात. एका लाकडात बारा खळगे, त्यांत अठ्ठेचाळीस सागरगोटे; खळग्यांतून एकेक पेरत जायचं आणि समोरच्याचे उचलायचे. गेल्या वर्षी एका कंपनीने या पटाची 'आधुनिक वारसावस्तू' करायचं ठरवलं. कडा गोल झाल्या, खाली मखमल लागली, पुढे पितळी शिक्का बसला. अडचण एकच राहिली. पट नवा होता, आणि नव्या वस्तूला वारसा म्हणता येईना.

तेव्हा 'झीज विभाग' उघडण्यात आला. मी त्याचा कारकून. दुफीआजी आणि बोआहेनकाका या गावातल्या दोन जुन्या खेळाडूंची 'पूर्वज (हंगामी)' या पदावर नेमणूक झाली. रोज आठ ते चार खेळून दोघांनी एका आठवड्यात एक पट साठ वर्षांचा करायचा होता.

काम मजेत चाललं. एकोणीस वर्षांत काका आजीविरुद्ध एकदाही जिंकले नव्हते, तरी रोज इस्त्रीचा सदरा घालून येत.

"आज तुझा दिवस दिसतोय," आजी म्हणायची आणि त्यांचा खळगा साफ करायची.

महिन्याने तपासनीस श्रीमती अदुतवुम आल्या. त्यांनी पट्टी लावून खोली मोजली.

"काकांच्या बाजूचे खळगे जास्त झिजलेत."

"मी तिकडूनच उचलते ना," आजी म्हणाली.

"झीज समान हवी."

"मग पट फिरवा."

"शिक्का पुढेच हवा. फिरवण्याची तरतूद नाही."

"आम्ही जागा बदलतो," काका म्हणाले.

"जागा नियुक्तिपत्रात लिहिल्या आहेत."

शेवटी लेखी आदेश निघाला: दुफीआजींनी एकाआड एक डाव हरावा.

आजीने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. दुसऱ्या दिवशी ओठ घट्ट मिटून तिने आपले तीन खळगे काकांना सहज उचलता येतील असे उघडे टाकले. काकांचा हात पुढे गेला आणि थांबला.

"चुकलीस, की चुकायला लावलंय?"

"लावलंय."

"मग नको."

त्यांनी दुसरीकडचे सागरगोटे पेरले. पुढच्याच खेळीत आजीने त्यांचे सहा उचलले. दोघंही बराच वेळ हसत होती.

असहकाराबद्दल दोघांना पूर्वजपदावरून कमी करण्यात आलं. हल्ली ती दोघं काकांच्या ओसरीवर खेळतात, काका हरतात. झिजवण्याचं काम आता यंत्र करतं, बारा खळगे बारा मिनिटांत, अगदी समान. सोबतच्या पुस्तिकेत खेळाचे नियम नाहीत, कारण खेळल्याने झीज बिघडते. फक्त एक रिकामी ओळ आहे: 'ज्या पूर्वजांकडून हा पट मिळाला त्यांचं नाव'. ती कोणी रिकामी ठेवल्याचं आमच्या दप्तरात नाही.

तुम्ही मागवणार असाल, तर एखादं बरंसं नाव काढून ठेवा. पाहुणे तेवढंच विचारतात. तुम्हाला खेळता येतं का, हे अजून कुणी कुणाला विचारलेलं नाही.