गोपिकाबाईंचं कुलूप निकाली

आमच्या वस्तीत मोफत विधी साहाय्य केंद्र सुरू झालं, तेव्हा पहिल्याच दिवशी अडचण उभी राहिली. अर्जदार आली. केंद्रप्रमुख वकील विश्वनाथराव अजून समईची वात सारखी करत होते, फीत कापायची बाकी होती, आणि न्याय देण्याची तयारी कोणाचीच नव्हती. मी सल्लागार समितीचा सदस्य. माझ्या अधिकारात मी बाईंना खुर्ची दिली.

या गोपिकाबाई. नवऱ्याची तेरवी आटोपली आणि धाकटा दीर रुपराव याने त्यांच्या खोलीला स्वतःचं कुलूप ठोकलं. बाई कामठीला बहिणीकडे राहायला गेल्या आणि शेअर ऑटोने केंद्रात येऊ लागल्या.

"सर, खोली माह्या नावावर आहे. तेवढं कुलूप उघडून द्या. शिलाई मशीन आत अटकून पडली, अन् माहं पोट तिच्यावरच आहे."

"ताई, तुम्हाला तुमचे हक्क माहीत आहेत का?" विश्वनाथरावांनी आपुलकीने विचारलं.

"आहेत ना. खोली माही आहे."

"हे ज्ञान अनौपचारिक झालं."

केंद्राच्या कार्यपद्धतीनुसार जागृतीशिवाय मदत देता येत नव्हती. म्हणून अख्खा उन्हाळा गोपिकाबाईंना जागृत करण्यात आलं. ग्राहकांचे हक्क झाले, प्रवाशांचे झाले, एकदा सागरी मच्छीमारांचेही झाले, कारण त्या दिवशी तेवढेच व्याख्याते मोकळे होते. नागपूरच्या उन्हात कामठीहून येणारी ही एकटीच बाई शिबिरांना नियमित हजर असायची. कुलरसमोर मात्र आम्ही समितीवाले बसायचो.

पावसाळ्यात प्रकरण मध्यस्थीच्या पायरीवर पोहोचलं. रुपरावला बोलावणं गेलं. गांधीबागेत त्याचं कापडाचं दुकान आहे, त्यामुळे येताना तो केंद्रासाठी टेबलक्लॉथ घेऊन आला.

"वहिनी म्हणजे मले माय आहे, सर. मायचं सामान चोरीले जाऊ नये म्हणून कुलूप लावलं मी. कोणाचं भलं करणं गुन्हा झाला का आता?"

विश्वनाथराव भारावले. एवढा समंजस माणूस प्रक्रियेबाहेर ठेवणं त्यांना अन्यायाचं वाटलं. त्यांनी रुपरावला केंद्राचा विधिमित्र म्हणून नेमलं, आणि वस्तीतलं प्रकरण वस्तीच्या विधिमित्राकडे जातं या नियमाने गोपिकाबाईंची तक्रार त्याच्याकडे सोपवली.

"पण सर, कुलूप तर त्यायनंच लावलं ना," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच तर. विषयाची इतकी सखोल माहिती दुसऱ्या कोणाला असणार?"

दिवाळीनंतर शिबिरं इतकी वाढली की केंद्राला जागा पुरेना. बैठकीत रुपराव उभा राहिला.

"एक खोली आहे ना, सर. रिकामीच पडून राहिली. केंद्राले घ्या, भाडं नको."

त्याच्या आभाराचा ठराव मीच मांडला, आणि तो एकमताने मंजूर झाला.

पहिला वर्धापनदिन नव्या जागेत झाला. पाहुण्यांच्या हस्ते कुलूप उघडण्यात आलं. विश्वनाथरावांनी अहवाल वाचला: "अर्जदाराची मागणी, कुलूप उघडणे. कार्यवाही, उघडले. प्रकरण निकाली." टाळ्यांनी छताचे पत्रे थरथरले.

गोपिकाबाई वर्षभराने आपल्या खोलीत आल्या त्या चपला बाहेर काढून, पाहुण्यांच्या मागून. रुपरावचा टेबलक्लॉथ त्यांच्या मशीनवर अंथरला होता आणि त्यावर समई तेवत होती. बाईंनी कापडाचं टोक उचललं.

"ताई, हात नका लावू, तेल सांडेल," विश्वनाथराव म्हणाले.

मग केंद्राच्या पहिल्या यशस्वी लाभार्थी म्हणून त्यांना शाल-श्रीफळ देण्यात आलं. शाल रुपरावच्याच दुकानातली होती. दोन शब्द बोलण्याची विनंती झाली. बाईंनी माईक हातात घेतला आणि रुपरावकडे नाही, आपल्या सगळ्यांकडे पाहिलं.

"कुलूप उघडलं. आता मी राहायले कधी येऊ?"

बाई उत्तरासाठी थांबूनच राहिल्या. तेवढ्यात कोणीतरी टाळी वाजवली, भाषण संपलं असं सगळ्यांनाच वाटलं, आणि माईक पुढच्या वक्त्याकडे गेला.

आता हे वाचून तुम्ही म्हणाल, तिथे एकाने तरी बोलायला हवं होतं. माझंही अगदी हेच मत आहे. मी तर आशेने तुमच्याकडेच पाहिलं होतं. दुसऱ्या रांगेत होतात तुम्ही. बोलण्यासाठी अर्धे उठलाही होतात, पण तेवढ्यात पोह्यांवर तर्री वाढणारा तुमच्यापाशी आला.