समाचाराला नवे दात

देवानं माझा चेहरा मन लावून घडवला, फक्त पुढच्या दातांपाशी आल्यावर त्याला कुणीतरी हाक मारली असावी. सांगलीत माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवून मी "बघा, किती शोभतोय" म्हणत हसलो, की ते आरशात बघायचं सोडून माझ्या दातांकडं बघत बसायचं. म्हणून ठरवलं, व्हिनियर्स बसवायचे. दातांवर पातळ पांढरी कवचं चढवतात, बस. नेलपॉलिश लावण्याइतकं सोपं काम. बायकोला, संयोगिताला, सांगितलं, "थोड्याच दिवसांत तुझा नवरा ओळखू येणार नाही."

"बघू," ती म्हणाली.

डॉक्टर स्वप्नाली यांनी इंजेक्शनं दिली, वरचे पुढचे दात घासून बारीक केले आणि खरी कवचं तयार होऊन येईपर्यंत तात्पुरती बसवून दिली. "वरचा ओठ दुपारपर्यंत बधिर राहील. आणि कडक काही खाऊ नका," त्यांनी बजावलं.

बाहेर संयोगिता डोळे पुसत उभी होती. माण तालुक्यातले तिचे हंबीररावमामा चार दिवसांपूर्वी गेले होते. आमचं लग्न मामांच्या इच्छेप्रमाणं त्यांच्या दारात न होता सांगलीच्या हॉलमध्ये झालं, तेव्हापासून त्या घराशी बोलणं बंद. त्यामुळं आम्हाला कुणी कळवलंही नव्हतं. आज मामींनीच फोन केला होता. "तू बी येनार न्हाईस व्हय गं?" एवढंच विचारून ठेवून दिला.

"आत्ताच्या आत्ता निघायचं," संयोगिता म्हणाली.

ती गाडी चालवत होती. मी आरशात बघितलं आणि हबकलो. तात्पुरते दात जाड होते. बधिर ओठ त्यांच्यावरून घसरून वर जाऊन बसला होता. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा मी इतका हसलो नसेन. बोटानं ओठ खाली ओढला. सोडल्यावर पुन्हा वर.

"समाचाराला चाललोय आपण," ती म्हणाली. "तोंड मिटा."

"निटत नाही."

"काय?"

"निटत नाही!"

ओठाला ओठ लागत नव्हता, त्यामुळं प्रत्येक 'म'चा 'न' होत होता. संयोगितानं एका हातानं पर्समधून रुमाल काढून माझ्याकडं टाकला. मग म्हणाली, "बोलू नका. रुमाल धरा तोंडावर."

मामांच्या घरी पुढच्या सोप्यात भिंतीला टेकून रंगूबाईमामी बसल्या होत्या. शेजारी त्यांचा मुलगा लालासाहेब, लष्करातून सुट्टी काढून आलेला. बाकी भावकी. मी रुमाल धरून खाली बसलो. मला हुंदका आवरत नाही असं सगळ्यांना वाटलं. लालासाहेबानं सरकून जागासुद्धा दिली. तसाच बसून राहिलो असतो तर निभावलं असतं. पण मामी माझ्याकडं बघत होत्या. जावई दोन शब्द बोलेल या आशेनं.

"नानी," मी म्हणालो, "नाना असे अचानक जायला नको होते."

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडं वळल्या. तिथं नाना बसले होते. मामांचे चुलतभाऊ, नुकतेच साताऱ्याहून हृदयाचं ऑपरेशन करून आलेले. त्यांच्या हातातली कपबशी वाजायला लागली.

"आवं, मी हाय की," नाना बारीक आवाजात म्हणाले.

"नाना नाही," मी घाईघाईनं सावरायला गेलो, "नाना, नाना!"

आणि त्या गडबडीत रुमाल सुटला.

सगळ्या सोप्याला माझे दात दिसले. लालासाहेब सावकाश उभा राहिला.

"दाजी, हसायला आलाय व्हय?"

त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मी बसल्या जागी मागं सरकलो.

"लाला, हसत नाहीत रे ते," संयोगिता मध्ये आली. "दात बसवलेत. ओठ बधिर आहे."

"बाप गेलाय माजा. आनि हे दात बशिवत्यात?"

"मला कळवलंस का तू? मामा माझे नव्हते?"

संपलं, मला वाटलं. आता हे घर कायमचं तुटलं, आणि तेही माझ्या दातांपायी.

"गप बसा दोगं बी," मामी म्हणाल्या. "ताट आना. जावई लांबनं आल्यात, उपाशी असतील. त्यांनी घास घेतला की मी बी घेते."

लालासाहेबाचा चेहराच बदलला. मामा गेल्यापासून मामींनी अन्नाला हात लावला नव्हता. भावकीतून आलेलं पिठलं आणि बाजरीची भाकरी त्यानं स्वतः माझ्यापुढं ठेवली. भाकरी सकाळची. कडा कौलासारख्या.

मला डॉक्टर आठवल्या. मग मी मामींच्या वाळलेल्या ओठांकडं बघितलं आणि भाकरीचा तुकडा मोडून चावला.

कट्.

तुकडा तोंडातून बाहेर काढला तर माझे दात त्यात ओळीनं रुतलेले. उरलेले जिभेवर आले. आत घासलेले खुंट तेवढे राहिले, आणि ओठ निवांत खाली येऊन मिटला. पिठल्याचा तिखट झणका खुंटांना लागला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

लालासाहेब भाकरीकडं बघत राहिला. "लय दुकलं का, दाजी?"

मी मान हलवून नाही म्हणालो.

मामींनी घास घेतला. मग दुसरा. तिसरा घास त्यांनी संयोगिताच्या तोंडात घातला, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. लालासाहेबानं मला पाणी दिलं. नानांनी माझ्यापासून जरा लांब सरकून चहा संपवला.

निघताना मामी गाडीपर्यंत आल्या. खिडकीतून हात घालून त्यांनी माझी हनुवटी वर केली आणि नीट निरखून बघितलं.

"आता बरं दिसताय, जावईबापू," त्या म्हणाल्या. "मगाशी आला तवा कसंतरीच दिसत हुता."

संयोगितानं गाडी सुरू केली. तिनं मामींच्या बोलण्याला मान डोलावली, ती मी बघितली.