परुळेकर काकांची गाबोळी

गिऱ्हाईकाला बोटीत बसवायचं आणि त्यानं लाइफ जॅकेटचा पट्टा लावायच्या आत सांगायचं, "आज काय गावचा नाय." असा फिशिंग गाइड अख्ख्या टेक्ससमध्ये एकच असेल, आणि तो शुगर लँडला नेमका आमच्या शेजारी राहायचा.

गावणं म्हणजे मिळणं. परुळेकर काका वेंगुर्ल्याचे. गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी त्यांनी याचं इंग्रजी केलं होतं, "नो फिश टुडे. विंड इज व्हेरी बॅड." वारा नसला तर, "नो विंड. दॅट इज आल्सो बॅड." गोऱ्यांना वाटायचं, काय विनोदी म्हातारा आहे! हसून हसून मित्रांना घेऊन परत यायचे. विनोद कसला डोंबलाचा? काका मनापासून बोलायचे.

मूळचे ते पाइपलाइन इंजिनियर. उतारवयात कंपनीनं घरी बसवलं, दुसरीकडे कोणी घेईना, तेव्हा यांनी जुनी बोट घेतली आणि लायसन काढून गाइड झाले. मराठी मंडळात एकच चर्चा, परुळेकरांचं डोकं फिरलं. घरापासून दोन तास गाडी हाणली की लेक लिव्हिंग्स्टन. तळं कसलं, नदीवर बांधलेलं धरणच ते. थंडी ओसरली की त्यातले व्हाइट बास मासे अंडी घालायला वर नदीत चढतात. तोच काकांचा सीझन. बोटीवर मासे दाखवणारा स्क्रीन होता. त्यावर ठिपक्यांची नुसती गर्दी झाली तरी काका म्हणायचे, "पालापाचोळा असेल."

एकदा मंडळाची सहल त्यांनी नेली. एका वहिनींनी बोटीत चढता चढता विचारलं, "काका, व्हेज ऑप्शन आहे ना?" काका शांतपणे म्हणाले, "आहे. मासे मिळाले नाहीत की सगळं व्हेजच." त्या दिवशी मासे रग्गड मिळाले, तर काकांचा चेहरा एखाद्याला फसवल्यासारखा झाला होता.

मी पुण्याचा, घरात अंडंसुद्धा न शिजवणाऱ्या आईचा मुलगा. काकांशी माझं गूळपीठ जमलं ते माझी नोकरी गेली तेव्हा. २००२ साल, आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात धडाधड माणसं कमी करत होते, आणि माझं व्हिसाचं लोढणं नोकरीला बांधलेलं. मित्र फोन करून सांगायचे, "होईल रे यार, टेन्शन नको घेऊ." त्या "होईल रे"चा मला इतका संताप यायचा! परुळेकर काका कुंपणापाशी आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाही मिळायची दुसरी. निदान इतक्यात तर नाहीच. चल, बोट धुवायला हात लाव." खरं सांगतो, त्या दिवसांत मला एवढा धीर दुसऱ्या कोणी दिला नाही.

पण त्या वर्षी काकांकडे माझ्यापेक्षा मोठं संकट मुक्कामाला होतं. काकूंना कॅन्सर. उपचार थकले, डॉक्टरांनी हात टेकले, आणि त्यांना घरी आणून हॉलमध्ये खिडकीशी पलंग लावून दिला. शेवटच्या दिवसांत घरी येऊन बघणारी हॉस्पिसची नर्स रविवार सोडून रोज यायची, औषध द्यायची, हळू आवाजात काकांशी बोलून जायची. मूलबाळ नव्हतं. दोघंच.

मंडळातल्या बायका मात्र धावून आल्या. आजाऱ्याला काय द्यायचं, तर मऊ खिचडी. मंगलाताईंची खिचडी, जोशी काकूंची खिचडी, नागपूरकडच्या एकीची लसणाची फोडणी दिलेली खिचडी. फ्रिज उघडला की पिवळाधमक! काकूंनी जेवण सोडलं तेव्हा सगळे म्हणाले, आजारच तसा आहे हो. एक दिवस मी औषध द्यायला गेलो तर काकूंनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि कानात म्हणाल्या, "मला कॅन्सर नाही मारायचा रे. ही खिचडी मारणार."

मी हसलो आणि लगेच जाऊन काकांना सांगितलं. काका पलंगापाशी गेले. "काय खातंस गो? सांग तरी."

काकूंनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाल्या, "गाबोळी."

गाबोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंड्यांची पिशवी. हळद-मीठ लावून उकडायची, तिखट लावून रव्यात घोळवायची आणि तव्यावर कुरकुरीत करायची. दर वसंतात काका घेऊन यायचे. गोरी गिऱ्हाइकं मासे साफ करताना ती फेकून द्यायची आणि काका "काय करंटे लोक आहेत" असं पुटपुटत उचलून घ्यायचे. काकू कित्येक दिवसांत काही मागत नव्हत्या. आता मागितलं, ते हे. आणि महिना फेब्रुवारी.

फेब्रुवारीत अडचण अशी की नदीत आधी नर चढतात. माद्या मागाहून, पाणी जरा तापलं की. काकांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांनी गिऱ्हाइकांना नकार कळवले आणि आम्ही दोघंच जायला लागलो. शेजारची कोणी ना कोणी काकूंजवळ थांबायची आणि आम्ही पहाटे ट्रकला बोट जोडून निघायचो. मला तरी दुसरं काम काय होतं?

मासे मिळायचे. सगळे नर. काका पोट दाबून बघायचे आणि पाण्यात सोडून द्यायचे. गंमत म्हणजे त्या दिवसांत त्यांनी एकदाही "गावचा नाय" म्हटलं नाही. काहीच बोलायचे नाहीत. मला त्याचीच भीती वाटायला लागली. इतकी वर्षं तोंडानं अभद्र बोलणारा माणूस गप्प बसतो, तेव्हा समजावं की आता त्याला खरंच काहीतरी हवंय. एकदा ओल्या हातानं तोंड पुसत म्हणाले, "नर्स म्हणते, कधीही. कधीही म्हणजे कधी रे?" मी त्यांच्या हातात गळ दिला.

आणि एका सकाळी, पाणी थोडं गढूळ, काठावर गुलाबी फुलांची झाडं नुकती उमललेली, काकांचा गळ जड झाला. मासा वर आला तो पोट टम्म फुगलेला. मादी! मी बोटीत उभा राहून ओरडलो. काकांनी मला "बस मेल्या, बुडवशील" म्हणून दरडावलं, पण स्वतःच उठून इंजिन सुरू करायला धावले, आणि मासा बर्फात मलाच ठेवावा लागला. परतीच्या वाटेवर त्यांनी ट्रक असा हाणला की मागची बोट मला आरशात दर वळणावर उडताना दिसत होती.

घरी आल्यावर हात न धुता स्वयंपाकघरात. मी आयुष्यात पहिल्यांदा मासा कापताना नीट बघितला. तव्यावर चर्र झालं, घरभर वास सुटला, आणि नर्स दारातून नाकाला हात लावून आत आली. काका ताटली घेऊन पलंगापाशी गेले. काकूंनी डोळे उघडले, वास घेतला, आणि हसल्या. खरंच हसल्या हो. मग ताटली हातानं बाजूला केली.

"आज सोमार मां?"

सोमवार! काकू जन्मात सोमवारी मासे खात नव्हत्या. माझी नोकरी गेलेली, काकांची गिऱ्हाइकं बंद. आम्हाला वार होता कुठे? मी काकांना कोपऱ्यात ओढलं आणि म्हटलं, "काका, सांगा रविवार आहे म्हणून. त्यांना काय कळतंय? उद्याचं कोणी पाहिलंय?"

काकांनी जाऊन तसं सांगितलं. "आज आयतवार गो."

काकूंनी मान वळवून नर्सकडे बोट केलं. "आयतवारी ही बाई येता?" आणि डोळे मिटून घेतले. "ठेवा ती. उद्या खातंय."

काका ताटली घेऊन स्वयंपाकघरात आले. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. तर ते ताटलीवर झाकण ठेवता ठेवता मला म्हणाले, "उद्या खाते म्हणाली रे. ऐकलंस ना तू? उद्या म्हणाली." इतका आनंद मी त्या चेहऱ्यावर कधीच बघितला नव्हता. मला तो बघवेना. मी पाणी प्यायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळभर घरात येरझारा घालत होतो. तिकडे जायचा धीर होईना. दुपारी फोन वाजला.

"खाल्लं तिनं," काका म्हणाले. "दोन घास. तिखट कमी म्हणाली."

"अरे वा, काका!" मी जवळजवळ ओरडलोच.

पलीकडून ताटली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मी विचारलं, आता आणखी काय आणू? सुरमई आणतो, कुठून तरी आणतो. काहीतरी सांग. तर म्हणते, माका काय नको. पोट भरला. आता तुमी जेवा."

आणि काका फोनवर लहान मुलासारखे रडायला लागले. मी चपला न घालताच शेजारी धावलो.