चिंचवडचं बेप्पू

मंडळी, पाहुणचार करावा तर तो रहिमाननंच, असं मी स्वतःच साऱ्या पिंपरीत सांगत फिरत असे. सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात आमच्या मॅनेजरसाहेबांनी ते खरं मानलं आणि तिथंच घात झाला!

मी चिंचवडच्या पंपांच्या कारखान्यात कारकून. नवं मशीन बसवायला जपानहून ओकामोतो नावाचे इंजिनिअर येणार होते. त्यांनी आधी पत्र धाडलं, सोबत फोटो. फोटोत त्यांच्या बेप्पू गावचं मोठं स्टेशन आणि दारात टोपी घालून उभे असलेले त्यांचे स्टेशनमास्तर वडील. पत्रात लिहिलं होतं, ‘आमचं गाव गरम झऱ्यांचं. निम्मे उतारू स्टेशनातून थेट अंघोळीला जातात.’

“यातून काय समजलास?” साहेबांनी विचारलं.

“गाडीतून उतरल्याबरोबर गरम पाणी, साहेब!”

“जमवलंस तर हेडक्लार्क. नाहीतर गोदामात बदली!”

आमच्या गोदामातल्या उंदरांना पाहून मांजर रजेवर जायचं! मी तडक शेजारचं रहाटणी गाव गाठलं. तिथं तात्याबाचं गुऱ्हाळ चालू होतं. गूळ कढवायची त्याची काहील एवढी मोठी, की तीत बैलजोडी बसली असती!

“तात्याबा, उद्या काहील द्या. जपानी पाहुण्याला तीत अंघोळ घालायचीय.”

“काहिलीत? आन् ती का?”

“त्यांच्या गावचं पाणी साधं नसतं. त्यात काय काय विरघळलेलं असतं, म्हणून तब्येत सुधारते!”

“अस्सं व्हय! मग आमी काय कमी हाय का? तुमी निस्ते या!”

दुसऱ्या दिवशी चिंचवड स्टेशनामागे तात्याबानं तीन दगडांवर काहील चढवली. भोवती चटयांचा आडोसा. पाणी छान तांबूस! वाफेला गोडसर वास! काहिलीचाच असेल, म्हटलं. मग स्टेशनच्या पाटीवर मी एक कापड टांगलं. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत ठळक रंगवलं होतं, ‘बेप्पू’!

गाडी आली. ओकामोतो उतरले, पाटी बघून कमरेत वाकले. मीही वाकलो. टण्ण! दोघांची डोकी आपटली! तेवढ्यात डब्यातून एकानं मोठ्यानं वाचलं, “बेप्पू!”

“बेप्पू? अगं बया, म्हंजी चिंचवड अजून यायचंच हाय व्हय?” एक म्हातारी ओरडली. उतरायला उठलेले सगळे पुन्हा खाली बसले आणि गाडी त्यांना घेऊन पिंपरीकडे निघून गेली!

“रहिमान! माझे उतारू कुठं गेले?” स्टेशनमास्तर झेंडा घेऊन माझ्या अंगावर आले. मी पाहुण्याला धरून आडोशाकडे धूम ठोकली.

ओकामोतो स्वभावानं गरीब. काहील बघून त्यांचा चेहरा जरा पडला, पण नाही म्हणवेना. पंचा नेसून आत बसले. पाच मिनिटांत आतून चमत्कारिक हाका आल्या. डोकावलो, तर पाहुणे उभे, अंग चकाकतंय, पंचा पायांना चिकटलाय, डोक्यावर माश्यांचा मुकुट आणि काहिलीच्या कडेवर मुंगळ्यांची पलटण!

“तात्याबा! पाण्यात काय टाकलं?”

“गूळ! आख्खी ढेप इरघळवली. तुमीच म्हनला न्हवं?”

माझ्या डोळ्यांपुढे गोदाम उभं राहिलं! पाहुण्याला तसंच तात्याबाच्या बैलगाडीत घातलं. पुढे बैल, मागे माश्या! पवनेच्या काठी गाडी थांबते न थांबते, तोच ओकामोतोंनी थंड पाण्यात सूर मारला. बराच वेळ वर येईनात. मी काठावरून हाका मारल्या! मग एकदम मधोमध उगवले आणि खदाखदा हसत इंग्रजीत ओरडले,

“जन्मापासून गरम पाणी! स्टेशनात वाफ, घरात वाफ, शाळेतही वाफ! थंड नदीत डुंबायला मिळेल म्हणून तर मी हिंदुस्थानचं काम मागून घेतलं!”

तेवढ्यात स्टेशनाकडे निघालेले साहेब वाटेत बंद पडलेली जीप ढकलत नदीच्या रस्त्यानं तिथं पोचले. पाण्यातला तो आनंदी चेहरा बघून खूष! “वा! रहिमान, ही नदीची कल्पना कोणाची?”

मी छाती पुढे काढली. “माझीच, साहेब!”

“व्हय साहेब, त्येचीच!” तात्याबानंही इमानानं साक्ष दिली. “आन् गुळाचीबी त्येचीच!”

“कसला गूळ?” साहेबांनी विचारलं.

पुढचं बोलणं मला ऐकू आलं नाही, मंडळी. तोवर कपड्यांसकट मीही नदीत उडी मारली होती!