एका सीटचं वजन

आज मी तुर्भ्यात स्वतःच्या पायावर उभा आहे तो हसनचाचा आणि खदिजाचाची यांच्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी चाचांवर थोडा हसणार आहे.

चाचांच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये भोक नसलेली वस्तू नव्हती. पाना, स्टूल, चहाचा चमचा, चपलेची टाच. हाताला लागेल त्याला ते ड्रिल लावायचे. "जिथं जोर येत नाय, तिथलं मटेरियल फुकट बसलेलं हाय," म्हणायचे. एकदा चाची पळी नाचवत शेडमध्ये शिरल्या.

"हे काय केलंत? वरण ताटापर्यंत पोचत नाय!"

"पण हलकी झाली ना?"

हा सगळा उद्योग विमानापायी. एकाच माणसाचं विमान. अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, पंखांवर छत्रीसारखं कापड, सीटच्या मागे टू-स्ट्रोक इंजिन. "ताशी पन्नासला जमीन सोडणार. चाळीसच्या खाली गेलं, की जमीन परत बोलावणार." रंगसुद्धा लावू दिला नाही. रंग म्हणजे वजन!

माणसांना ते 'कसा आहेस' असं विचारत नसत. थेट "किती किलो?" वाशीच्या एका लग्नात स्टेजवर चढून नवरदेवालाही त्यांनी हेच विचारलं.

मी परभणीकडचा. शाळा आठवीत सुटली, पुढे गावही सुटलं. पहिल्याच दिवशी चाचांनी मला काट्यावर उभं केलं. "बेचाळीस? माणूस हायेस का टीव्हीचा अँटेना?" कामावर ठेवलं, शेडच्या माळ्यावर झोपायला जागा दिली, दुपारचा डबा चाचींकडून. आणि दर शनिवारी काटा.

मी घाबरट माणूस. मनाशी हिशेब केला, इथं जे जड होतं ते कापलं जातं. मी जड झालो तर? गावी परत जायला तोंड नव्हतं. म्हणून चाचींचा अर्धा डबा मी शेडच्या कुत्र्याला घालू लागलो. काटा खाली येत गेला. मी छाती काढून आकडा सांगायचो आणि चाचांचा चेहरा पडायचा. कुत्र्याकडे बघून मात्र ते चक्रावत. "याला काय हवा भरतोयस काय रे?"

उडवायचा दिवस ठरला. उरणच्या वाटेवरचं सुकलेलं मिठागर, कोवळं ऊन, वारा निपचित. चाचा सीटवर बसले, मी मागे शेपूट धरून उभा. इंजिन तापलं, चाचांनी हात वर केला आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

शुद्धीवर आलो तेव्हा इंजिन बंद होतं. चाचा माझ्या तोंडावर पाणी मारत होते. खाडीवरून वारा सुटला होता. त्या दिवसाचं उड्डाण गेलं.

मला रडू फुटलं. डबा, कुत्रा, काटा, सगळं बोलून गेलो.

"अरे येड्या, विमान हलकं करायचंय! तुला कोन बोललं?"

उड्डाण बघायला आलेल्या चाचींनी माझ्यापुढे भाकरी ठेवली. "आमचा पोरगा इरफान कुवैतला गेला तेव्हापासून यांचं हे सुरू. फोनवर 'बरा आहे' कुणीपण बोलतं, म्हनतात. म्हनून किलो इचारतात."

चाचा उगाच पंखावरून हात फिरवत राहिले. "दुसरी सीट लावली असती रे. पन त्याचं वजन तिकडं पडलंय. डिझाइनला कसं धरू?"

पुढच्या रविवारी विमान उडालं. माडाच्या शेंड्याएवढं वर गेलं, मिठागराच्या टोकाला वळलं आणि अलगद उतरलं. मी नाचत होतो. चाचांनी इंजिन बंद केलं, कानातले बोळे काढले आणि पहिलं काय विचारलं?

"जेवलास काय?"

आता माझी स्वतःची शेड आहे. दर शनिवारी मी चाचांना फोन करतो. "किती किलो?" मी विचारतो. ते ओरडतात, पण आकडा सांगतात. इरफानचाही सांगतात. एक दिवस मी दोन सीटांचं विमान बनवणार आहे. पुढे चाचा, मागे इरफान. दोघांचीही वजनं मला पाठ आहेत.