कडेची पट्टी

माती दाबली की तिच्यातली हवा बाहेर पडते, आणि हवेबरोबर त्या जागी कधीकाळी बोललेलं बोलणंही बाहेर पडतं. बांधकाम खात्यात याचं कुणाला नवल नाही. नियम एवढाच, की बोलणं संपेपर्यंत रोलर थांबवायचा नाही. बोलणं शिल्लक म्हणजे हवा शिल्लक, आणि हवा शिल्लक म्हणजे आज ना उद्या रस्ता खचणार. एकदा निघालेलं बोलणं पुन्हा मातीत घालता येत नाही. तशी सोय नाही.

सुपरवायझर केरबा मगदूम यांनी हा नियम आयुष्यभर पाळला. परक्यांची भांडणं, बाजारभाव, अंगाईगीतं त्यांनी निमूट ऐकली आणि थर पास केले. मग नव्या पुलाच्या जोडरस्त्याला भराव घालायचं काम आलं, आणि माती आली ती त्यांच्याच जुन्या, आता उठून गेलेल्या गावातून.

पहिला थर पसरला. टँकरनं बेतानं पाणी मारलं, कारण कोरडी माती बसत नाही आणि फार भिजली तर चिखल होतो. रोलर फिरला आणि खालून बाईचा आवाज आला, "अवो, डबा ऱ्हायला की!"

केरबांची बायको सुलोचना जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचा आवाज आपण विसरलो होतो, हे तो ऐकल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

"सायेब, घरचं माणूस हाय काय?" रोलरवरच्या इलाहीनं विचारलं.

"व्हय."

"थांबवू?"

"नियमात बसत न्हाई. चालू दे."

रोलर चालू राहिला. सुलोचना दूधवाल्यावर डाफरली, तिनं मांजरीला हाकललं, कुणाच्या तरी लग्नाला काय नेसू म्हणून विचारलं. निम्मं इंजिनाच्या आवाजात गेलं. थर उत्तम बसला आणि केरबा पार खचले.

सगळ्यात वरचा थर आला तेव्हा त्यांनी चहाच्या टपरीसमोरची कडेची पट्टी दाखवली. "एवढी राहू दे."

"खचंल की सायेब."

"खचू दे. रिटायर झालो की धुम्मस घेऊन येतो. रोज जरा जरा ठोकीन आन् बसून ऐकीन."

इलाही नियमाचा माणूस, पण बायको त्यालाही होती. त्यानं रोलर वळवला. तपासणीचे खड्डे केरबांनी दुसरीकडे घेतले. अहवाल चांगला आला, रस्ता सुरू झाला आणि केरबांची बदली लांबच्या तालुक्यात झाली.

ते रिटायर होण्याआधीच तक्रार आली. कडेची पट्टी खचली होती, आणि स्कूटरवरून जाणाऱ्या एका मुलीचा तिथं पडून हात मोडला होता. दुरुस्तीचा आदेश केरबांच्याच नावानं निघाला. त्यांना त्या पोरीपुढं तोंड दाखवायची लाज वाटली. पण खोटं कशाला बोला, मनातून आनंदही झाला.

जागेवर पोचल्यावर त्यांनी इलाहीला लांब उभं केलं, खचलेल्या भागावर पाणी शिंपडलं आणि धुम्मस उचलली. ठोका दिला. काही आलं नाही. शेजारी ठोकलं, कडेला ठोकलं, घाम निघेपर्यंत ठोकलं. मग रोलर बोलावला. माती मुकीच राहिली.

इलाहीनं नमुना काढून तपासला. "पक्की बसलीया, सायेब. हवाच न्हाई. उसाच्या ट्रकांनी कवाच दाबून काढली."

टपरीवाला चहा घेऊन आला. "ट्रक गेला की बाई बोलायच्या," तो म्हणाला. "लई न्हाई. 'अवो, हाईसा न्हवं?' एवढंच. गिऱ्हाईकं असली तरी मी आपलं इथनं 'व्हय' म्हणायचो. मग गप बसायच्या."

"बरं केलंसा," केरबा म्हणाले.

त्यांनी चहा संपवला आणि खड्ड्यात मुरूम टाकायला सांगितलं.